काचेतलं बाळ घरी येतं तेव्हा

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर जी बाकडी असतात, त्यांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "आमचं बाळ दोन किलो दोनशेचं झालं तरी डॉक्टर सोडत नाहीत, आणि त्या शेजारच्या ताईंचं सतराशे ग्रॅमचं बाळ उद्या घरी चाललं. असं कसं?" विचारणारा बाप दोन-तीन आठवडे त्याच बाकड्यावर झोपलेला असतो. बाळंतीण एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर 'काचेत', आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच चौकशी: वजन किती झालं?

वजनाला महत्त्व आहेच. अनेक रुग्णालयं बाळ सोळाशे ते अठराशे ग्रॅमच्या आसपास पोचलं की त्याला घरी सोडण्याचा विचार सुरू करतात. पण तो विचार पूर्ण होतो दुसऱ्याच गोष्टींवर. त्या गोष्टी समजल्या, तर बाकड्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आणि घरी आल्यावर नेमकं काय करायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हेही कळतं.

गर्भारपण पूर्ण दिवसांचं म्हणजे साधारण ४० आठवड्यांचं. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. आपल्याकडे त्याला सातमाशी म्हणायची पद्धत आहे. पोटात असताना या बाळाची सगळी कामं परस्पर होत असतात. प्राणवायू आणि अन्न वारेतून येतं, ऊब आईच्या अंगाची मिळते, जंतूंपासून राखण आईचं शरीर करतं. बाळ लवकर बाहेर आलं की ही कामं वाटून दिली जातात. ऊब देणं काचेच्या पेटीकडे, दूध पोचवणं नाकातल्या बारीक नळीकडे, श्वासाला आधार देणं यंत्राकडे, पहारा मॉनिटरकडे, आणि या सगळ्यांवर देखरेख सिस्टरकडे. बाळाला घरी सोडायचं म्हणजे यातलं एकेक काम परत घ्यायचं. काही बाळाने स्वतःच्या अंगावर घ्यायची, उरलेली घरच्यांनी. सतराशे ग्रॅमच्या बाळाने आपल्या वाटणीची कामं उचलली आहेत. दोन किलो दोनशेच्या बाळाकडून त्यातलं एखादं अजून सुटतंय. बहुतेक वेळा ते काम श्वासाचं असतं.

ठेका चुकणारा श्वास

आपण श्वास घ्यायला विसरत नाही, कारण मेंदूच्या बुंध्याशी असलेलं एक केंद्र झोपेतही ठेका धरून असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे केंद्र कच्चं असतं. ढोलपथकात नव्याने आलेल्या मुलाचा हात जसा मध्येच थांबतो आणि शेजारच्याने कोपराने ढोसलं की पुन्हा चालू होतो, तसं या बाळाचं होतं. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, किंवा तेवढा न थांबताही हृदयाचे ठोके मंदावले वा रंग निळसर झाला, तर डॉक्टर त्याला 'ॲप्निया' म्हणतात. सिस्टर तळव्याला हलकंसं चोळते आणि बाळ पुन्हा श्वास घेतं.

यावरचं औषध ऐकून पुष्कळ आईबापांना नवल वाटतं. ते आहे कॅफीन, आपल्या चहा-कॉफीतलंच, अगदी मोजून दिलेलं. ते मेंदूतल्या त्या केंद्राला जागं ठेवतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांत निघून जातं. या चिमुकल्याचं यकृत अजून तयार झालेलं नसल्याने त्याला तेवढ्याच कामासाठी चार दिवस लागू शकतात. म्हणून औषध बंद केल्यावर 'आता ठीक आहे' असं दुसऱ्याच दिवशी म्हणता येत नाही. औषध अंगातून उतरायला हवं आणि त्यानंतर पाच ते सात दिवस एकही झटका न येता जायला हवेत. सहाव्या दिवशी एक झटका आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर बाकड्यावर बसलेल्याला हा उगाच लांबवलेला मुक्काम वाटतो. आत ती मोजणी चालू असते. बहुतेक बाळांचा ठेका ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास बसतो, फार लवकर जन्मलेल्यांना आणखी वेळ लागतो.

बशीतला चहा

दुसरं काम उबेचं. कपातला चहा बशीत ओतला की लगेच निवतो, कारण चहा तेवढाच पण उघडा पृष्ठभाग मोठा. बाळाचंही तसंच. वजनाच्या मानाने त्याची कातडी फार जास्त असते, आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ तर बशीच. त्यातून कातडी पातळ, खाली चरबीचा थर नाही. आपण गारठलो की कुडकुडतो आणि त्या थरथरीतून उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्याकडे त्याऐवजी खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ एक खास तपकिरी चरबी असते; ती जाळून ते ऊब मिळवतं. पण ही चरबी साठते गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत. त्याआधीच जन्मलेल्या बाळाचं कोठार जवळजवळ रिकामं.

'दूध अंगी लागत नाही' ही तक्रार इथे नीट समजते. गार पडलेलं बाळ प्यायलेलं दूध ऊब टिकवण्यात जाळून टाकतं. वाढीला काही उरतच नाही. शिवाय त्याला प्राणवायूही जास्त लागतो आणि रक्तातली साखर उतरते. म्हणून पेटीचं तापमान हळूहळू कमी करत नेतात, मग बाळाला उघड्या पाळण्यात साध्या कपड्यांवर ठेवतात, आणि तिथे त्याचं अंग उबदार राहून वजनही वाढतंय ना ते काही दिवस पाहतात.

घरी यासाठी यंत्र लागत नाही, हात पुरतो. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. दोन्ही उबदार असतील तर बाळ मजेत आहे. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाची ऊब कमी पडू लागली आहे: टोपडं, मोजे घाला, छातीशी घ्या. दोन्ही गार म्हणजे तातडीची वेळ. काखेत लावलेल्या थर्मामीटरवर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हा योग्य पट्टा. उलट चूकही होते. विदर्भातल्या मे महिन्यात दोन दुपटी आणि लोकरीची कुंची घालून बाळाला तापवून ठेवलेलं असतं. तेही धोक्याचंच.

एकाच चौकात तीन वाटा

चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा: तिन्ही वाटा घशाच्या एकाच चौकातून जातात. दूध गिळतानाच्या क्षणी श्वासाची वाट बंद व्हावी लागते आणि लगेच उघडावी लागते. हा सिग्नल मेंदूत ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास नीट चालू लागतो. त्याआधी बाळाला अंगावर पाजलं तर ते चोखेल, पण दूध श्वासनळीत जायचा धोका. म्हणून आधी नळी, मग वाटी-चमचा किंवा चोच असलेलं छोटं भांडं, म्हणजे आपलं जुनं बोंडलं किंवा गोकर्ण, आणि मग आईच्या अंगावर.

सिग्नल जुळला तरी दम टिकायला वेळ लागतो. या बाळाला दूध पिणं म्हणजे आपल्याला जिने चढणं. अर्धा तास होऊन गेला, कपाळाला घाम आला, ते मध्येच झोपलं, तर ते पोट भरल्याचं लक्षण समजू नका. ते थकलं आहे. 'झोपलेल्या बाळाला उठवू नये' हा सल्ला पूर्ण दिवसांच्या गुटगुटीत बाळासाठी चालेल. या बाळाला भूक लागून रडण्याइतकीही ताकद कधी कधी नसते. त्याला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठवून पाजावं लागतं. पाजून उरलेलं आईचं दूध काढून वाटीने दिलं तर कष्ट वाचतात. या दुधाची किंमत मुंबईने फार आधी ओळखली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. जंतुसंसर्ग आणि आतड्यांचे गंभीर आजार आईच्या दुधामुळे कमी होतात, हे या विभागांत रोज दिसतं.

वजनाचं म्हणाल तर घरी आल्यावर दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅमची वाढ ठीक. सरासरी महत्त्वाची. रोज वजन करून रोज घाबरण्यापेक्षा ठरल्या दिवशी, त्याच काट्यावर, बिनकपड्यांचं वजन करावं.

न भरलेली शिदोरी

एखादी आई मुलाला प्रवासाला पाठवताना जसा डबा भरून देते, तशी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईचं शरीर बाळाला शिदोरी बांधून देत असतं. हाडांसाठीचं बहुतेक कॅल्शियम, पुढचे काही महिने रक्त तयार करायला पुरेल इतकं लोह, आणि आईने आयुष्यभरात ज्या रोगांशी सामना केला त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे रक्तातले तयार पहारेकरी. अपुऱ्या दिवसांचं बाळ डबा भरायच्या आत निघालेलं असतं.

डिस्चार्ज कार्डावर लोहाचे थेंब, ड जीवनसत्त्व, कधी कॅल्शियम लिहिलेलं असतं ते म्हणून. बाळ 'बरं' दिसतंय म्हणून घरी आल्यावर थेंब बंद करणारे पुष्कळ आहेत. लोहाने शी काळसर होते आणि ती पाहून आजी औषध थांबवतात. काळसर शी हा त्या औषधाचा रंग आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. थेंब थांबवले तर दोन-तीन महिन्यांतच बाळाचं रक्त उतरू लागतं, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

पहारेकरी मात्र थेंबांतून देता येत नाहीत. ती उणीव भरून काढायची दोन साधनं: आईचं दूध, आणि बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने धुतलेले हात. बांगड्या, अंगठी, घड्याळ वर सरकवून किंवा काढून, बोटांच्या बेचक्यांसह, निदान ४० सेकंद. सर्दी झालेला माणूस कितीही जवळचा असला तरी त्याने दारातूनच बघावं. बाळाचा पापा घेणं सगळ्यांनीच टाळावं.

तिथे पोटावर, इथे पाठीवर?

आईला सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट ही. दवाखान्यात तिने आपलं बाळ कित्येक दिवस पालथं झोपलेलं पाहिलेलं असतं. घरी निघताना सांगतात, झोपवायचं ते पाठीवरच. मग तिथे काय चुकीचं करत होते?

तिथे कारण वेगळं होतं. बाळाच्या फासळ्या इतक्या मऊ असतात की श्वास ओढताना छातीच आत जाते. पालथं झोपवलं की छातीला खालून टेकू मिळतो, फुप्फुसं जरा बरी फुगतात, प्राणवायू जास्त मिळतो. पण त्या वेळी पायाला मॉनिटरची तार बांधलेली असते आणि काही कमी-जास्त झालं तर सेकंदांत घंटा वाजते. घरी ती तार नाही. पालथं झोपलेल्या बाळाचं तोंड गादीत रुतलं तर ते आपलाच सोडलेला श्वास परत घेत राहतं, अंग जास्त तापतं, आणि गुदमरल्यावर जागं व्हायची जी उपजत सवय असते ती या बाळांत अजून कच्ची असते. झोपेतच बाळ दगावण्याचा हा धोका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त. १९९० च्या दशकात अनेक देशांनी 'बाळाला पाठीवर झोपवा' अशा मोहिमा काढल्या, आणि असे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले.

'उताणं झोपलं आणि दूध आलं तर घुसमटेल ना?' ही आजीची भीती खरी वाटते, पण शरीराची रचना उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच परत जातं. पालथं केलं की हीच उतरंड उलटी होते. पाजल्यावर ढेकर काढावी, थोडा वेळ उभं धरावं, आणि मग पाठीवर. अंथरूण सपाट आणि जरा टणक. उशी, मऊ लोड, खेळणी काही नको.

झोळीबद्दल मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. साडीची झोळी आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या आहे आणि मोठ्या बाळाला तिच्यात गाढ झोप लागते. पण या बाळाचं डोकं जड, मान लुळी आणि श्वासनळी बारीक. झोळीत अंग गोल होतं, हनुवटी छातीला टेकते, आणि वाकलेल्या पाण्याच्या पाइपसारखी श्वासाची वाट दबते. मान धरेपर्यंत झोळी नको.

पहिली रात्र

विभागात कधीही शांतता नसते. यंत्रांचा आवाज, घंटा, दिव्यांचा उजेड, दर थोड्या वेळाने कोणाचा तरी हात. बाळाला जन्मापासून तेवढंच जग माहीत. घरातला अंधार आणि शांतता त्याला परकी असते, म्हणून पहिले काही दिवस ते कण्हतं, दचकतं, रात्री जागं राहतं. खोलीत मंद दिवा ठेवून, दिवसाचा उजेड आणि रात्रीचा अंधार यांतला फरक हळूहळू वाढवत नेला की ते रुळतं.

आईबापाचंही तेच. इतके दिवस मॉनिटरचा आकडा बघून जीव शांत व्हायचा, आता बघायला आकडा नाही. मग बाळाच्या नाकापुढे बोट धरून रात्र काढायची. इथे एक माहिती धीर देते. लहान बाळ भराभर चार-सहा श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा भराभर घेतं. हे या वयाचं नेहमीचं श्वसन आहे. रंग गुलाबी असेल तर चिंता नाही. मोजायचं असेल तर बाळ शांत झोपलेलं असताना पोटाची वरखाली पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर या अनियमित श्वासात हिशेब चुकतो.

ही भीती कमी करायचा उत्तम उपाय घरी यायच्या आधीचा आहे. अनेक रुग्णालयं शेवटच्या एक-दोन रात्री आईला बाळासोबत एका खोलीत राहू देतात. पाजणं, औषध मोजणं, लंगोट बदलणं, सगळं तिने करायचं. सिस्टर हाकेच्या अंतरावर. तुमच्याकडे कोणी हे सुचवलं नाही तर आपणहून मागा.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी. आठवडेच्या आठवडे काचेपलीकडून बाळ बघितलेल्या आईला ते घरी आल्यावर एकदम आनंद होईलच असं नाही. 'हे माझं वाटतच नाही', 'मी सांभाळू शकणार नाही' असं वाटणं, सारखं रडू येणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, हे या आयांमध्ये जास्त आढळतं. तो तिचा दोष नव्हे. दोन आठवडे उलटूनही हे कमी झालं नाही तर डॉक्टरांशी बोलावं. मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेलि-मानस' हेल्पलाइनचा क्रमांकही लिहून ठेवा: १४४१६, हा फोन मोफत आहे. आणि रात्रीचं एक पाजणं, काढून ठेवलेल्या दुधाचं, बाबांनी किंवा आजीने घ्यावं. तिला सलग चार तास झोप मिळणं हाही उपचारच आहे.

चौकट: ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका

बाळ दूध ओढत नाही किंवा नेहमीपेक्षा निम्मंच घेतं. हलवूनही नीट जागं होत नाही, अंग ढिलं पडलं आहे. शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छातीखाली खळगा पडतो, कण्हणं. श्वास २० सेकंद थांबतो, ओठ-जीभ निळसर. ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा ऊब देऊनही अंग गारच. झटके. हिरवी उलटी, फुगलेलं पोट. तळहात-तळपाय पिवळे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. नेताना बाळ छातीशी धरूनच न्या, वाटेत गार पडू देऊ नका, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावरचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे.

आजीचं काय ठेवायचं, काय सोडायचं

बाळ घरी येतं ते आजीच्या राज्यात, आणि खरे वाद तिथे होतात. सरसकट 'जुनं ते चुकीचं' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर काढायचं नाही, फार लोकांना भेटू द्यायचं नाही, ही रीत जंतूंचं शास्त्र कळायच्या आधीपासून जंतूंपासून राखत आली आहे. या बाळासाठी तो सव्वा महिना जन्मदिवसापासून न मोजता घरी आल्या दिवसापासून मोजा. बारसं थांबू शकतं. नाव कानात घरातल्या घरात सांगता येतं.

धुरी मात्र नको. शेगडीवर ओवा-शेपा टाकून केलेला धूर आपल्याला सुवासिक वाटतो, पण या बाळाच्या फुप्फुसांत हवेचे बारीक फुगे अजून तयार होत आहेत, आणि ज्याने बरेच दिवस प्राणवायूवर काढले त्याची फुप्फुसं दुखावलेलीही असतात. उदबत्ती, डासांची कॉइल, चुलीचा आणि विडीचा धूर याच हिशेबातले. वेखंडाची पूड अंगावर उडवली की तीही श्वासात जाते. गुटी उगाळताना सहाण, पाणी, बोट यांतून जंतू पोटात जातात. मध तर वर्षभर अजिबात नको: त्यात एका जंतूची बीजं असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ती निपचित राहतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. काजळात शिसं असू शकतं. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी ओवाळा, बाळाला त्याने काही होत नाही.

तेल? डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, उबदार खोलीत, खोबरेल तेलाचा हलका हात फिरवायला हरकत नाही. मालीशवाल्या मावशींचा रगडणारा हात, नाका-कानात तेलाचे थेंब आणि नंतर तांब्याने ओतलेली कडक आंघोळ नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं, आणि ओलं बाळ क्षणात गारठतं. वजन अडीच किलोच्या जवळ येईपर्यंत कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ कपड्याने पुसणं पुरे.

पेटीची जागा छातीने घेतली

१९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात एका प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. एकेका पेटीत दोन-दोन बाळं, आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला. डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी आणि नंतर डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी आयांनाच सांगितलं: बाळ छातीशी, कातडीला कातडी लावून, उभं बांधा आणि घरी न्या. आज जगभर 'कांगारू' म्हणून ओळखली जाणारी पद्धत सुरू झाली ती बाळाला घरी नेण्याची पद्धत म्हणून, हे आपण विसरतो.

बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आई किंवा बाबाच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, पाय बेडकासारखे. वरून ओढणी किंवा मऊ साडी बांधायची. छाती ऊब देते, आईच्या श्वासाची लय बाळाच्या ठेक्याला ढोसत राहते, आणि दूध जवळच असतं. पेटीची, मॉनिटरची आणि नळीची कामं एकाच जागी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या देशांतल्या एकेका रुग्णालयात, भारतातलं दिल्लीचं सफदरजंग, एक किलो ते १,७९९ ग्रॅमच्या बाळांना प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी दिलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितका वेळ, असं सांगते. घरीही हे चालू ठेवायचं, बाळ अडीच किलोच्या आसपास येऊन स्वतःच वळवळ करून बाहेर पडू लागेपर्यंत. छातीशी घेणारं माणूस पेंगू लागलं तर मात्र बाळ दुसऱ्याकडे द्यावं किंवा अंथरुणावर पाठीवर ठेवावं.

घर हे काम करू शकतं याचा पुरावा आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात खेड्यातल्या साध्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखणं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला घरी भेटायला येतात, त्यामागे हे काम आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळ काचेत होतं म्हणून त्या आल्या नसतील, तर घरी पोचल्याचं त्यांना कळवा.

दोन वयं

तीस आठवड्यांवर जन्मलेलं बाळ दहा आठवडे आधी आलेलं असतं. कॅलेंडरप्रमाणे ते सहा महिन्यांचं होईल तेव्हा वाढीच्या दृष्टीने जेमतेम पावणेचार महिन्यांचं. म्हणून हसणं, मान धरणं, पालथं पडणं हे सगळं या दुसऱ्या वयाने मोजायचं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हा हिशेब सांगा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच: सहा, दहा, चौदा आठवडे. बाळ बारीक आहे म्हणून त्या पुढे ढकलू नयेत. ऐकण्याची तपासणीही महिन्याच्या आत व्हायला हवी.

एक तारीख चुकवायची नाही

डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या चौथ्या महिन्यात मध्यापासून निघतात आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतात. कालव्याचं पाणी जसं शेवटच्या शेतापर्यंत सगळ्यात उशिरा पोचतं, तसं. बाळ आधीच बाहेर आलं की बाहेरच्या जास्त प्राणवायूत या वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे काही आठवड्यांनी कडेचा उपाशी भाग पाण्यासाठी आकांत करतो आणि त्या हाकेसरशी भलत्याच, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या गळतात, त्यांचे व्रण पडदा ओढतात, आणि पडदा सुटला की दृष्टी गेली. बाहेरून डोळे काळेभोर, सुंदर दिसत असतात. घरात कोणालाही काही कळत नाही.

वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने हे थांबवता येतं. ज्यांना उपचार लागतो त्यांना तो दोन-तीन दिवसांत मिळावा लागतो, इतका वेळ तोकडा. भारतात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांत. पुष्कळ बाळं त्याआधीच घरी आलेली असतात आणि आनंदाच्या गडबडीत ती तारीख निघून जाते. १९९६ साली अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या एका मुलीच्या पालकांना ही तपासणी करायला कोणी सांगितलंच नाही; तिची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. दृष्टी परत आली नाही.

तुमच्या घरी असं बाळ असेल तर डिस्चार्ज कार्ड आत्ता काढा आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख शोधा. लिहिलेली नसेल तर रुग्णालयाला आजच फोन करून विचारा. एक तपासणी झाली असेल तरी डॉक्टर 'आता गरज नाही' म्हणेपर्यंत पुढच्या प्रत्येक तारखेला बाळाला घेऊन जा.